कच्चं काम कुणी पाहिलंच नव्हतं

यूजीसीने 2019 च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. तो शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलं वर्गात येतात ती एकच गोष्ट विचारायला: किती टक्क्यांपर्यंतची उचलेगिरी चालते आणि ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये तपासतात? म्हणून पहिल्या तासाला मी व्याख्या आणि टक्केवारी बाजूला ठेवतो आणि एका शोधनिबंधाची गोष्ट सांगतो. तो छापून आला आणि 13 दिवसांत मागे घेतला गेला. त्यात उचलेगिरीचा भाग नव्हता. वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो बिनडाग बाहेर पडला असता.

गोष्ट मे 2020 मधली आहे. मुलांना आता ते दिवस धूसर आठवतात, म्हणून थोडी उजळणी करावी लागते. टाळेबंदी चालू होती, लस दृष्टिपथात नव्हती, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या लांबलचक नावाची गोळी घराघरात बोलली जात होती. मलेरियावरचं हे जुनं औषध ल्युपस आणि संधिवातालाही देतात. 22 मार्चला आयसीएमआरच्या कृती दलाने कोविड रुग्णांची देखभाल करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून ती घ्यायला सांगितली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपण तिच्या निर्यातीवर बंदी घातली आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी डोळे वटारल्यावर तीन-चार दिवसांत ती सैलही केली. मुंबईच्या इप्का कंपनीचं नाव एकाएकी अमेरिकन बातम्यांत झळकलं. धारावी आणि वरळीतल्या हजारो लोकांना ही गोळी सरसकट द्यायचा बेतही मुंबईत आखला गेला होता. तो पुढे बारगळला. दरम्यान संधिवाताच्या रुग्णांना आपलीच रोजची गोळी मिळेनाशी झाली. 18 मे रोजी ट्रम्प यांनी सांगितलं की आपण स्वतः ती घेतो आहोत.

औषधावरून असे दोन तट पडलेले असताना, 22 मे 2020 रोजी ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये तो निबंध आला.

लेखक चार. पहिलं नाव मनदीप मेहरा, बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ, हार्वर्डचे प्राध्यापक. दुसरं नाव सपन देसाई, शिकागोजवळच्या ‘सर्जिस्फिअर’ या कंपनीचे संस्थापक; निबंधातला डेटा याच कंपनीचा. झुरिकचे फ्रँक रुशित्स्का आणि अमित पटेल हे उरलेले दोघे. निबंधातले आकडे पाहून दबकून जावं असे: सहा खंडांतली 671 रुग्णालयं, 96,032 रुग्ण. त्यांपैकी 14,888 जणांना क्लोरोक्वीन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिलेलं, कुणाला नुसतं, कुणाला प्रतिजैविकासोबत. बाकीचे 81,144 तुलनेसाठी. हे औषध न दिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण 9.3 टक्के आणि नुसतं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिलेल्यांत 18 टक्के. सोबत प्रतिजैविक असेल तर 23.8 टक्के. हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडण्याचं प्रमाणही कित्येक पटींनी वाढलेलं. वय, इतर आजार वगैरेंचा हिशेब लावल्यावर फरक कमी होत होता, पण पुसला जात नव्हता. थोडक्यात, औषधाचा उपयोग होत नाही एवढंच हा निबंध म्हणत नव्हता. ते माणसं मारतं, असं तो सुचवत होता.

पुढचे पाच दिवस फार वेगाने गेले. 25 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘सॉलिडॅरिटी’ या आपल्या आंतरराष्ट्रीय चाचणीतला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा भाग थांबवल्याचं जाहीर केलं. 27 मे रोजी फ्रान्सने कोविडसाठी ते वापरायची परवानगी काढून घेतली. आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हे औषध उपयोगी पडतं का, हे तपासणारी ‘कॉपकोव्ह’ चाचणी ब्रिटनमध्ये नुकती सुरू झाली होती, तीही थांबवावी लागली. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीवाल्यांनी मात्र वेगळं केलं. त्यांच्या देखरेख समितीने स्वतःच्या रुग्णांचे आकडे तातडीने पाहिले, थांबण्याजोगं काही दिसत नाही असं ठरवलं आणि काम चालू ठेवलं. वर्गात हे वाक्य मी दोनदा सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

ऑस्ट्रेलियातले 73 मृत्यू

आता मुख्य भाग. निबंध वाचून जगभरातले संख्याशास्त्रज्ञ अस्वस्थ झाले आणि ज्यांना आकड्यांचा वास येतो त्यांना तो लगेच आला.

निबंधात ऑस्ट्रेलियातले सुमारे 600 रुग्ण होते, पाच रुग्णालयांतले, आणि त्यांपैकी 73 मरण पावले होते. गंमत अशी की 21 एप्रिलपर्यंत सबंध ऑस्ट्रेलियात कोविडने मेलेल्यांची अधिकृत संख्याच 67 होती. पाच रुग्णालयांत देशापेक्षा जास्त माणसं मेली होती. ‘गार्डियन’च्या ऑस्ट्रेलियातल्या वार्ताहरांनी मेलबर्न आणि सिडनीच्या रुग्णालयांना फोन लावले, आमचा सर्जिस्फिअरशी काही संबंध नाही, असं उत्तर आलं. सर्जिस्फिअरचा खुलासा असा, की आशियातल्या एका रुग्णालयाने चुकून स्वतःची नोंद ऑस्ट्रेलेशियात, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि आसपासच्या देशांत, केली होती. लॅन्सेटने तशी दुरुस्ती छापली. ऑस्ट्रेलियाचे रुग्ण एका फटक्यात 63 वर आले आणि बाकीचे आशियात गेले. निष्कर्षात काही फरक पडत नाही, असंही सोबत सांगितलं.

इथे एखादी विद्यार्थिनी हमखास विचारते, "सर, एवढं मोठं रुग्णालय एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलं आणि निष्कर्ष तसाच?" मी म्हणतो, बरोबर जागी बोट ठेवलंस.

28 मे रोजी लेखकांना आणि लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांना उद्देशून एक खुलं पत्र निघालं. ते पुढे आणलं बँकॉकच्या माहिडोल-ऑक्सफर्ड केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनी. सुरुवातीलाच शंभराहून जास्त सह्या होत्या, पुढे त्या वाढत गेल्या. ते पत्र मी वर्गात ओळीने वाचून घेतो, कारण समीक्षा कशी करावी याचा तो नमुना आहे. आरडाओरडा नाही, कुणाच्या हेतूवर बोट नाही. फक्त प्रश्न. आफ्रिकेचे आकडे खरे मानले तर तोवर त्या खंडात नोंदलेल्या कोविड रुग्णांपैकी जवळपास 25 टक्के आणि मृत्यूंपैकी 40 टक्के याच कंपनीशी जोडलेल्या, संगणकावर बारीकसारीक नोंदी ठेवणाऱ्या रुग्णालयांत झाले असले पाहिजेत. हे कसं? रुग्णांची मूळची स्थिती एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलं तरी जवळजवळ सारखीच कशी? काही ठिकाणी औषधाचा सरासरी डोस शिफारशीपेक्षा जास्त कसा? रुग्णालयांची नावं कुठे आहेत, त्यांचे आभार का मानलेले नाहीत? नीती समितीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीची, परवानगी कुठे आहे? 96 हजार रुग्णांचा अभ्यास आणि लेखक अवघे चार?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत भारी वाटतो. त्याला संख्याशास्त्र लागत नाही. लग्नाला हजार माणसं जेवली आणि स्वयंपाकघरात चारच जण होते म्हटलं, तर आपल्याकडची कुठलीही आजी विचारेल, वाढलं कुणी?

भारतातूनही आवाज उठला होता. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक शेखर मांडे, आयजीआयबी या जनुकशास्त्र संस्थेचे अनुराग अग्रवाल आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे राजीव करंदीकर या तिघांनी अभ्यासाच्या पद्धतीवर आणि त्यावरून चाचणी थांबवण्यावर लेखी आक्षेप घेतले. आपल्याकडे त्याची बातमी ‘भारताने ठणकावलं’ अशा सुरात आली. मुद्दा राष्ट्राभिमानाचा नव्हता, हिशेबाचा होता.

एक आडवी गोष्ट इथेच सांगून टाकतो. कॉपकोव्ह ही थांबलेली चाचणी वॉटसन यांच्याच केंद्राने चालवली होती. म्हणजे टीकाकारांचाही या औषधात जीव अडकलेला होता. हितसंबंध असलेला माणूस खोटंच बोलतो असं नसतं. त्याने ते उघड ठेवावेत आणि त्याचे प्रश्न इतरांनी तपासून पाहता यावेत, एवढंच आपण मागायचं. त्यांचे प्रश्न कुणालाही तपासता येत होते. निबंधातले आकडे कुणालाच तपासता येत नव्हते.

कंपनी

सर्जिस्फिअरबद्दल जास्त लिहावं असं नाही. 2007-08 च्या सुमारास ती वैद्यकीय पाठ्यपुस्तकं काढण्यासाठी निघाली होती आणि 2020 मध्ये जगभरच्या शेकडो रुग्णालयांच्या नोंदी आपल्याकडे रोजच्या रोज येतात असा तिचा दावा होता. 3 जूनला ‘गार्डियन’ने छापलं की कंपनीच्या मोजक्या कर्मचाऱ्यांत एक विज्ञानकथा लिहिणारा आणि एक प्रौढांसाठीच्या चित्रणात काम करणारी मॉडेल आहे. या तपशिलावर समाजमाध्यमांनी आठवडाभर मजा केली. मला ती मजा खटकते. विज्ञानकथा लिहिणारा माणूस आकडेमोड चांगली करू शकतो. खरा प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर हसण्यात विरून गेलं: 671 रुग्णालयांपैकी एका तरी रुग्णालयाचा करार दाखवा.

तो दाखवता आला नाही. 2 जूनला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने आणि 3 जूनला लॅन्सेटने ‘चिंता व्यक्त करणारं निवेदन’ काढलं. निबंध मागे घेण्याच्या आधीची ही पायरी. वाचकहो, जपून, एवढाच तिचा अर्थ. त्याच 3 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने चाचणी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. मेहरा, रुशित्स्का आणि पटेल यांनी स्वतंत्र तपासनीस नेमले होते. सर्जिस्फिअरने ग्राहकांशी झालेले करार आणि गोपनीयता पुढे करून त्यांना संपूर्ण डेटा द्यायला नकार दिला. 4 जूनला या तिघांनी लॅन्सेटला कळवलं की डेटाच्या खरेपणाची हमी आम्ही देऊ शकत नाही, निबंध मागे घ्या. त्या पत्राखाली देसाईंची सही नव्हती. त्यांनी गैरप्रकार केल्याचं कधी मान्य केलं नाही.

न्यू इंग्लंड जर्नलचा यात संबंध काय? 1 मे रोजी, म्हणजे लॅन्सेटच्या तीन आठवडे आधी, याच कंपनीच्या डेटावर तिथे एक निबंध आला होता: 169 रुग्णालयं, 8,910 रुग्ण, विषय हृदयविकाराची औषधं आणि कोविड. तोही त्याच दिवशी मागे घेतला गेला, लॅन्सेटमागोमाग तासाभरात. तिथल्या निवेदनात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की सर्व लेखकांना मूळ डेटा पाहायला मिळाला नव्हता.

आता लॅन्सेटमधला निबंध उघडा. तिथे, निधी कुणी दिला हे सांगणाऱ्या परिच्छेदात, पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला आणि एका सहलेखकाला सगळा डेटा पाहायला खुला होता, अशा अर्थाचं वाक्य छापलेलं आहे. असं वाक्य बहुतेक निबंधांत असतं. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खालचा बारीक मजकूर असतो ना, तसं ते डोळ्यांखालून जातं. कुणी वाचत नाही, आणि लिहिणारा तरी ते विचार करून लिहितो का, याची शंका यावी.

सही म्हणजे काय

मी वर्गात हे प्रकरण ‘खोटा डेटा’ या सदरात घेत नाही. ‘लेखकत्व’ या सदरात घेतो. खोटं करणारा एखादा सगळीकडे सापडतो. त्याच्या खोट्याखाली इतरांनी सह्या कशा केल्या, हे कळलं तर काही उपयोग आहे.

वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत. कामात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मूलगामी फेरफार करण्यात भाग हवा. अंतिम प्रतीला मान्यता हवी. या तीन अटी बहुतेक जण सहज पार करतात. चौथी अट अशी: कामाच्या कुठल्याही भागाच्या खरेपणाबद्दल प्रश्न आला तर त्याचं उत्तर शोधण्याची जबाबदारी माझी, हे कबूल हवं. मेहरा यांनी 4 जूनला जे निवेदन दिलं त्यात त्यांनी माफी मागितली आणि डेटाचा स्रोत या कामासाठी योग्य आहे याची खात्री करून घ्यायला आपण पुरेसं केलं नाही, असं सांगितलं. मला त्या कबुलीत प्रामाणिकपणा दिसतो. साथीच्या दिवसांत मदत करायच्या ओढीने घडलं, असंही ते म्हणाले, आणि तेही खरं असेल. पण चौथ्या अटीवर त्यांनी सही केली तेव्हाच हे सगळं येऊन गेलं होतं.

मुलं इथे मान डोलवतात, म्हणून मी माझंच एक प्रकरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याने आदराने माझं नाव आपल्या निबंधात तिसरं घातलं. मला कळलं ते छापून आल्यावर. निबंध वाचला, ठीक होता. आकडेवारी पाहिली नाही. पत्र लिहून नाव काढायला सांगायला हवं होतं. पदोन्नतीच्या (कॅसच्या) फाइलमध्ये तो निबंध लावला नाही एवढंच केलं आणि त्यालाच फार मोठं सोवळं पाळल्यासारखं समजत राहिलो. गाईडचं नाव, विभागप्रमुखांचं नाव, ज्यांच्या प्रयोगशाळेतलं यंत्र वापरलं त्यांचं नाव, हे सगळं आपल्याकडे नारळ फोडण्याइतकं सहज होतं. हार्वर्डमध्ये ते वेगळ्या कपड्यांत होतं. एकाकडे नाव असतं, दुसऱ्याकडे डेटा, आणि दोघांना एकमेकांची गरज असते.

आमच्या वेळी गणिताच्या उत्तरपत्रिकेत उजवीकडे रेघ मारून ‘कच्चं काम’ असा रकाना करायचो. उत्तर बरोबर असूनही तो रकाना कोरा असेल तर बाई बाजूच्या मुलाची वही मागवायच्या. लॅन्सेटच्या समीक्षकांनी, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, तो रकाना मागवला नाही, कारण तो मागवायची पद्धतच नव्हती. समीक्षक बिनपगारी असतो, आपली नोकरी सांभाळून रात्री वाचतो, आणि त्याच्या हातात येतं ते पक्कं काम: मजकूर, तक्ते, आलेख. तक्ते एकमेकांशी जुळतात का, पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, एवढं तो पाहतो. मूळ नोंदी अस्तित्वात आहेत हे तो गृहीतच धरतो. सगळी इमारत या गृहीतकावर उभी आहे, आणि बहुतेक वेळा ते रास्तच ठरतं. तरीही ऑस्ट्रेलियाचा आकडा कुणाच्याच डोळ्यांत खुपला नाही याचं आश्चर्य मला अजून वाटतं. तो तपासायला मूळ डेटा लागत नव्हता, रोजचं वर्तमानपत्र पुरलं असतं.

नीती समितीचा मुद्दाही याच जातीचा. या डेटाला नीती परीक्षणातून सूट आहे, असं निबंधात म्हटलं होतं. ओळख पुसलेल्या नोंदींना अशी सूट मिळते, त्यात गैर काही नाही. पण सहा खंडांतल्या कायद्यांखाली, 671 रुग्णालयांतल्या माणसांच्या नोंदी एका खाजगी कंपनीकडे गेल्या आणि त्याला कुठेच कुणाची परवानगी लागली नाही, हे वाक्य एका दमात म्हणून पाहा. आपल्याकडे एका जिल्हा रुग्णालयातले केसपेपर पाहायला किती हेलपाटे घालावे लागतात, ते ज्याने घातलेत त्याला हे वाक्य पचणार नाही.

"मग बिघडलं काय?"

दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. सर, शेवटी औषध निरुपयोगीच निघालं ना?

निघालं. निबंध मागे घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 5 जूनला, रिकव्हरी चाचणीने निकाल सांगितला: दाखल झालेल्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा फायदा नाही. सविस्तर निबंध आला तेव्हाचे आकडे असे: औषध दिलेले 1,561, न दिलेले 3,155, 28 दिवसांत मृत्यू अनुक्रमे 27 आणि 25 टक्के. मधल्या काळात 15 जूनला अमेरिकेने तातडीच्या वापराची परवानगी काढली आणि 17 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला तो भाग कायमचा बंद केला.

पण हे उत्तर आपल्याला लॅन्सेटच्या निबंधाने दिलेलं नाही. 25 मेच्या धामधुमीत न थांबलेल्या चाचणीने दिलं. सगळ्यांनीच त्या निबंधावर विसंबून हात वर केले असते, तर औषध निरुपयोगी आहे हे आपल्याला कळलंच नसतं. हाती राहिला असता फक्त एक रद्द झालेला निबंध आणि एक जिद्दीला पेटलेला वाद. आणि हा वाद खरंच पेटला. औषधाच्या भक्तांना आयतं कोलीत मिळालं: बघा, आमच्या गोळीला बदनाम करायला खोटे आकडे रचले. पुढे कितीही चोख चाचण्या आल्या तरी हे वाक्य त्यांना पुरून उरलं.

थांबलेल्या चाचणीचंही बघा. प्रतिबंधक म्हणून गोळी चालते का, हा आपल्या आयसीएमआरच्या सल्ल्याशी थेट जोडलेला प्रश्न होता. कॉपकोव्हला त्यासाठी 40 हजार लोक हवे होते. मिळाले 4,652. निकाल छापून आला 2024 मध्ये, प्रश्न शिळा झाल्यावर. लोक न मिळण्याची इतर कारणंही होती; पण मे 2020 मध्ये ‘हे औषध जीव घेतं’ असं जगभर छापून आल्यावर कोण स्वतःहून नाव नोंदवायला येईल?

म्हणून उत्तर जुळल्याने काही सुटत नाही. कच्चं काम नसलेलं बरोबर उत्तर पुढच्या माणसाला वापरता येत नाही.

दुरुस्त्या

लॅन्सेटने सप्टेंबर 2020 मध्ये नियम बदलले. एकापेक्षा जास्त लेखकांनी डेटा स्वतः पाहून पडताळला असल्याचं लिहून द्यायचं, त्यांची नावं द्यायची, आणि लेखकांत कंपनीचा माणूस असेल तर पडताळणाऱ्यांपैकी एक तरी बाहेरचा हवा. मोठ्या नोंदसंग्रहांवरचे निबंध अशा डेटाची जाण असलेल्या समीक्षकाकडेही पाठवायचे. चांगलं झालं. पण पाहिल्याचं प्रमाणपत्र म्हणजे पुन्हा एक सहीच.

वेगाचं श्रेय मात्र द्यायला हवं. याच लॅन्सेटने, याच संपादकांच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा गोवरच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा निबंध छापला होता. तो पूर्णपणे मागे घ्यायला फेब्रुवारी 2010 उजाडला. तिथे 12 वर्षं, इथे 13 दिवस. फरक संपादकांच्या वृत्तीत पडला असेल, पण मला वाटतं तो जास्त करून वाचकांत पडला. 2020 मध्ये निबंधाच्या तक्त्यांचा पंचनामा काही दिवसांतच सुरू झाला होता, तोही चव्हाट्यावर.

प्रीप्रिंटला, म्हणजे परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या मसुद्याला, रीतसर मागे घेण्याची सोयही बऱ्याचदा नसते. याच सर्जिस्फिअरच्या डेटावर एप्रिल 2020 मध्ये आयव्हरमेक्टिनबद्दलचा एक मसुदा, परीक्षणाआधीच, खुला झाला होता. तो दक्षिण अमेरिकेत वाऱ्यासारखा पसरला. पेरूच्या सरकारने ते औषध उपचारात घेताना त्याचा आधार घेतला. पुढे तो मसुदा गुपचूप संकेतस्थळावरून उतरवला गेला. जर्नलमध्ये छापलेलंच नव्हतं, त्यामुळे मागे घेतल्याचं निवेदनही नाही.

यादीबद्दल एक वाक्य, कारण महाराष्ट्रात हा विषय निघाला की यादी निघतेच. बनावट जर्नल्सना आळा बसावा म्हणून यूजीसीने ‘केअर’ यादी केली. तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता, आणि 2025 मध्ये ती यादी बंद होईपर्यंत "सर, हे केअरमध्ये आहे का?" हा आमच्या विभागात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न होता. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांविरुद्ध ती यादी गरजेचीच होती. लॅन्सेट 1823 पासून निघतं, न्यू इंग्लंड जर्नल 1812 पासून. जगातल्या कुठल्याही यादीत ही दोन नावं पहिल्या पानावर असतील.

मागे घेतलेला निबंध नाहीसा होत नाही. तो संकेतस्थळावर राहतो, पानापानावर लाल अक्षरांत शिक्का मारून, आणि तसाच राहायला हवा. इतिहास खोडायचा नसतो. जानेवारी 2021 मध्ये ‘सायन्स’ने या दोन निबंधांचा हवाला देणारे अलीकडचे 200 निबंध तपासले. निम्म्याहून जास्त ठिकाणी, ते मागे घेतले गेल्याचा उल्लेखही नव्हता. नेहमीसारखा आधार म्हणून त्यांना वापरलं होतं.

मी ही संख्या वर्गात सांगायचो आणि पुढे जायचो. गेल्या वर्षी आमच्याच एका विद्यार्थिनीचा प्रबंधाचा मसुदा तपासत होतो. दुसऱ्या प्रकरणात, एकविसाव्या संदर्भाला: मेहरा आणि इतर, लॅन्सेट, 2020. तिला बोलावलं. "तू तर माझ्या तासाला होतीस ना?" म्हणाली, "होते सर, पण तुम्ही सांगितलेला तो निबंध हाच, हे लक्षात नाही आलं. मला ही पीडीएफ सिनियरच्या पेन ड्राइव्हमध्ये मिळाली." लॅपटॉप उघडून तिने दाखवली. पानं स्वच्छ होती, कुठेही लाल शिक्का नव्हता. फाइलवर तारीख होती 23 मे 2020.